उसना ठेका, आपली भाषा : टोकियोतील हिप हॉपचे जलसे

हिप हॉप हे नाव उच्चारताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात गोंगाट, भडक वेष आणि न कळणारी घाईघाईची बडबड अशी एक प्रतिमा उभी राहते. आपल्या वर्गांतील मुले मात्र हे गाणे आवडीने ऐकतात आणि त्यातील लांबच लांब कडवी पाठ्यपुस्तकातील कवितेपेक्षा लवकर पाठ करतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न शिक्षकाला टाळता येण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या प्रश्नाकडे काहीशा आडवाटेने जाणार आहोत. ध्वनिमुद्रणे बाजूला ठेवून आम्ही प्रत्यक्ष जलशाचा विचार करू. आणि तोही टोकियो या शहरातील. कारण या महानगरात अमेरिकन कलावंतांचे इंग्रजी रॅप आणि जपानी कलावंतांचे जपानी रॅप अशी दोन्ही एकाच प्रकारच्या रंगमंचांवर आणि पुष्कळदा एकाच मोसमात ऐकावयास मिळतात. एकच ठेका दोन भाषांच्या तोंडी कसा वेगळा होतो, हे पाहण्याची इतकी चांगली सोय फार थोड्या ठिकाणी असेल.

आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : परकीय काव्यप्रकार केवळ हौसेने भाषेत रुजत नाही. भाषेची एखादी जुनी अडचण सोडविण्याचे सामर्थ्य त्यात आढळले म्हणजे तो तिचा होतो. टोकियोतील जलसे ऐकताना हे तत्त्व कानांनी पडताळून पाहता येते, आणि त्यातच त्यांच्या आस्वादाचा मोठा भाग आहे.

प्रथम संज्ञांचा खुलासा करू. रॅप आणि हिप हॉप हे शब्द समानार्थी नाहीत. हिप हॉप ही चार अंगांची कला मानली जाते : तबकड्या वाजवून ठेका रचणारा डीजे, त्या ठेक्यावर यमकबद्ध शब्द म्हणणारा एमसी अथवा रॅपर, ब्रेकिंग हे जमिनीलगतचे चपळ नृत्य, आणि भिंतींवरील ग्राफिटी हे अक्षरचित्रण. यांतील शब्दांचे अंग म्हणजे रॅप. आम्ही या कार्यक्रमाला ‘जलसा’ म्हणतो तेही विचारपूर्वकच. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना करमणूक आणि गाऱ्हाणे एकाच फळीवर कशी नांदतात हे निराळे सांगावयास नको.

ब्रॉन्क्समधील उगम

या कलेचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात झाला. १९४८ ते १९७२ या काळात तेथे क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग बांधण्यात आला. त्यासाठी वस्त्यांच्या वस्त्या उठविण्यात आल्या. ज्यांना शक्य होते ते लोक निघून गेले. मागे राहिले ते बहुधा गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन. सत्तरीच्या दशकात तेथील इमारती जळत होत्या, ओस पडत होत्या. अशा वेळी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सार्वजनिक दालनात एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वीची मेजवानी योजिली. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ होता. क्लाइव्ह कॅम्बेल हे त्याचे नाव. पुढे तो कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. तो मूळचा जमेकातील किंग्स्टनचा. मोठे कर्णे लावून रस्त्यावर नाच घडविण्याची त्या बेटावरील रीत त्याने लहानपणी पाहिलेली होती.

हर्कच्या ध्यानात एक गोष्ट आली. नाचणाऱ्यांना संपूर्ण गाण्यापेक्षा त्यातील एक तुकडाच अधिक प्रिय असे : गायन थांबून केवळ ढोल आणि ताल उरतात तो. या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. हा भाग काही क्षणांतच संपे. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा तोच ब्रेक सुरू करावयाचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवावयाची. अशा रीतीने क्षणाचा तुकडा हवा तितका वेळ चालविता येऊ लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने हे काम घड्याळासारखे अचूक केले. आणि तबकडी हाताने पुढेमागे घासून तिच्यातून खरखरीत नाद काढण्याची ‘स्क्रॅच’ ही युक्ती ग्रँड विझर्ड थिओडोर या पोरसवदा डीजेच्या नावावर आहे. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी तबकडी वाजविण्याच्या यंत्रालाच वाद्य केले, ही या कलेतील पहिली प्रतिभा होय.

शब्द मागाहून आले. सुरुवातीस एमसी म्हणजे नाचणाऱ्यांना हाक देणारा, ओळखीच्यांची नावे पुकारणारा. त्या हाकांचीच हळूहळू यमकबद्ध कडवी झाली. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि रॅप ब्रॉन्क्सबाहेर पोचले. १९८२ मधील ‘द मेसेज’ने उकिरडे, भाडेकरूंची घरे आणि बेकारी यांचे चित्र त्यात आणले. १९७३ च्या त्या मेजवानीपासून २०१८ मध्ये केंड्रिक लमार यांच्या ‘डॅम’ या संग्रहास संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळेपर्यंतचा प्रवास अवघ्या पंचेचाळीस वर्षांचा आहे. अभिजात आणि जाझ संगीताबाहेर हा मान जाण्याची ती पहिलीच वेळ.

या इतिहासात जपान आरंभापासूनच आहे, पण यंत्रांच्या रूपाने. डीजे मंडळींनी जगभर आपलेसे केलेले टेक्निक्स एसएल-१२०० हे तबकडीयंत्र मात्सुशिता या जपानी कंपनीने १९७२ मध्ये, म्हणजे हर्कच्या त्या मेजवानीच्या आदल्या वर्षी, बाजारात आणले. त्याची चकती पट्ट्याने न फिरता थेट मोटारीवर फिरते; म्हणून ती हाताने थांबविली वा उलटी फिरविली तरी चटकन पूर्ववत गती घेते. रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे ठेका निर्माण करणारे यंत्र १९८० चे. खऱ्या ढोलासारखा आवाज त्यातून येत नाही म्हणून वादकांनी ते नाकारले आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. त्याच्या खोल घुमणाऱ्या नादावरच पुढे रॅपची इमारत उभी राहिली. तेव्हा टोकियोतील श्रोता अमेरिकन जलसा ऐकतो त्या वेळी आपल्याच देशातून गेलेला एक आवाज नव्या अर्थाने परत आलेला त्याला ऐकू येत असतो.

टोकियोत आगमन

माणसांच्या रूपाने हिप हॉप टोकियोत आले ते १९८३ मध्ये. चार्ली अहर्न यांचा ‘वाइल्ड स्टाइल’ हा चित्रपट त्या वर्षी जपानात प्रदर्शित झाला, आणि त्याच्या प्रसारासाठी त्यातील नर्तक, डीजे व रॅपर स्वतः टोकियोत येऊन ठिकठिकाणी खेळ करून गेले. प्रेक्षकांना इंग्रजी फारसे कळले नाही. पण नाच कळला आणि तबकडीवरचा हात कळला. लवकरच हाराजुकूजवळच्या योयोगी उद्यानाच्या परिसरात, रविवारी वाहनांना बंद असलेल्या रस्त्यावर, तरुण मुले ब्रेकिंग करू लागली. पुढे जगभर नाव झालेले डीजे क्रश हे त्याच रस्त्यावरून आलेले.

जी अंगे भाषेवाचून चालतात ती अशी सहज रुजली. जपानच्या आमी युआसा यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगमधील महिलांचे सुवर्णपदक मिळविले, ही या रुजण्याची साक्षच आहे. अडचण होती ती शब्दांची. जपानी भाषेत रॅप होऊ शकते काय, याविषयी दीर्घ काळ शंका होती. इंग्रजीत म्हणावे तर श्रोत्याला कळत नाही, आणि जपानीत म्हणावे तर ठेक्यावर बसत नाही, असे म्हटले जाई. १९८६ पासून जपानीत रॅप करू पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत इतो सेइको यांचे नाव घेतले जाते. ते कादंबरीकारही आहेत, आणि त्सुनामीतील मृतांचा आवाज ऐकविणारी त्यांची ‘सोझो रेडिओ’ ही २०१३ मधील कादंबरी गाजलेली आहे. रॅपचा प्रश्न हा भाषेचा प्रश्न आहे, हे एका लेखकाने प्रथम जाणावे यात नवल नाही.

अडचण कोठे होती ?

येथे आपणांस थोडे छंदःशास्त्रात शिरावे लागेल. मराठीच्या अभ्यासकांना ते कठीण जाणार नाही.

रॅपचा ठेका बहुधा चार ठोक्यांच्या आवर्तनाचा असतो. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर कडक आघात पडतो. मिनिटाला ९० ठोके धरले तर एका आवर्तनास सुमारे पावणेतीन सेकंद लागतात, आणि सोळा आवर्तनांचे रूढ कडवे पाऊण मिनिटाच्या आतच संपते. इंग्रजी ही आघातप्रधान भाषा आहे. शब्दातील जोराचे अक्षर ठोक्यावर टाकावयाचे आणि बिनजोराची अक्षरे मधल्या जागेत कोंबावयाची, ही तिची स्वाभाविक चाल. म्हणून इंग्रजी रॅप ऐकताना बोलणेच नाचू लागल्याचा भास होतो.

जपानीची घडण वेगळी. तिच्यात इंग्रजीसारखा आघात नाही. ती मात्रा मोजते. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा, आणि शब्दातील सुट्या ‘न्’चीही एक स्वतंत्र मात्रा. आपण ज्याला टोकियो म्हणतो ते नाव जपानी कानाला ‘तो-ओ-क्यो-ओ’ असे चार मात्रांचे आहे. ‘शिन्बुन्’ म्हणजे वृत्तपत्र, त्याच्याही चारच मात्रा. सर्व मात्रा सारख्या वजनाच्या. अशी भाषा आघाती ठेक्यावर ठेवली की ती शिंप्याच्या यंत्राच्या टाक्यांसारखी एकसुरी ऐकू येते.

दुसरी अडचण यमकाची, आणि ती आपल्या अगदी ओळखीची आहे. मराठीप्रमाणेच जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते. सभ्य बोलण्यातील वाक्य ‘देसु’ किंवा ‘मासु’ यांवर संपावयाचे, भूतकाळी क्रियापद ‘ता’ किंवा ‘दा’वर. मराठीतील प्रत्येक चरण ‘आहे’ आणि ‘होते’ यांवर संपवून कोणी त्याला यमक म्हणू लागले तर आपण हसू. जे यमक फुकट मिळते त्याचे मोल राहत नाही. म्हणूनच की काय, जुन्या जपानी कवितेने यमकाचा मार्गच धरला नाही. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत परिचित झालेला हायकू पाहावा. मुळात त्याचा आधार पाच-सात-पाच या मात्रांच्या मोजणीवर आहे, अंत्ययमकावर नाही.

या उणिवेची खंत जपानी पंडितांना होती. तत्त्वज्ञ कुकी शूझो यांनी १९३१ मध्ये जपानी कवितेतील यमकावर विस्तृत निबंध लिहून यमकाची बाजू मांडली. १९४२ मध्ये कातो शुइची, नाकामुरा शिन्इचिरो, फुकुनागा ताकेहिको आदी तरुण लेखकांनी ‘मातिने पोएतिक’ नावाचे मंडळ स्थापून जपानीत यमकबद्ध सुनीते रचली. त्यांचा संग्रह १९४८ मध्ये निघाला. प्रयत्न विद्वत्तेचा होता, प्रामाणिक होता. पण तो रुजला नाही. कागदावर मांडलेले ते यमक डोळ्यांना दिसे, कानात मात्र घुमत नसे.

जे या विद्वानांना साधले नाही ते अर्ध्या शतकानंतर तळघरांतील क्लबांमध्ये हातात ध्वनिक्षेपक घेतलेल्या मुलांनी साधले. त्यांनी दोन वाटा काढल्या. पहिली, वाक्य क्रियापदावर न संपविता नामावर तोडावयाचे. नामे असंख्य असल्यामुळे यमकाला निवड मिळते. दुसरी वाट अधिक महत्त्वाची. व्यंजनांचा आग्रह सोडून केवळ स्वरांची लांब मालिका जुळवावयाची. उदाहरणार्थ, ‘कोतोबा’ म्हणजे शब्द, ‘ओतोना’ म्हणजे प्रौढ माणूस, ‘तोकोया’ म्हणजे न्हावी. व्यंजने बहुतांशी निराळी. पण ओ-ओ-आ ही स्वरांची चढण तिन्ही शब्दांत एकच. आपल्या व्याख्येप्रमाणे हे यमक ठरणार नाही. पण ठेक्यावर, एकाच जागी, एकाच चढाने हे शब्द आले की कान त्यांना सख्खे भाऊ मानतो. जपानीत स्वर पाचच असल्यामुळे अशा चार, पाच, सहा मात्रांच्या माळा ओवता येतात. आणि माळ जितकी लांब तितकी श्रोत्यांची दाद मोठी. शिवाय माळेतले शब्द एकमेकांपासून जितके दूरच्या जगातले, तितकी कल्पनेची उडी लांब.

पहिल्या अडचणीवरचा उपायही येथेच सापडला. यमकाची माळ ज्या मात्रांवर येते त्या मात्रा रॅपर जोराने उच्चारतो. मधल्या मात्रा दाबतो, दोन मात्रा एकीत मिसळतो. म्हणजे भाषेत नसलेला आघात यमकाच्या द्वारे निर्माण होतो. १९९५ मध्ये किंग गिद्रा या त्रयीचा ‘सोरा कारा नो चिकारा’ हा संग्रह निघाला. त्यातील के डब शाइन आणि झीब्रा यांच्या रचनांनी या पद्धतीला शिस्त आणली, आणि जपानीत रॅप होऊ शकते काय हा प्रश्न मागे पडला. पुढल्या वर्षी, ७ जुलै १९९६ रोजी, रॅपर ईसीडी यांच्या पुढाकाराने हिबिया उद्यानातील खुल्या रंगमंचावर ‘सान्पिन कॅम्प’ हा जलसा भर पावसात झाला. जपानी हिप हॉपच्या इतिहासात त्या भिजलेल्या दिवसाचा उल्लेख आजही एखाद्या साहित्यसंमेलनासारखा होतो.

‘गेन्बा’ची रात्र

जपानी हिप हॉपवाल्यांचा एक आवडता शब्द आहे : ‘गेन्बा’. इमारतीचे बांधकाम चालू असते ती जागा गेन्बा. गुन्हा घडतो ती जागाही गेन्बा. जेथे गोष्ट प्रत्यक्ष घडते ते ठिकाण, असा त्याचा अर्थ. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ इयन काँड्री यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच शब्दाच्या आधारे टोकियोतील हिप हॉपचा अभ्यास मांडला आहे. ध्वनिमुद्रण हे फळ, आणि गेन्बा हे झाड, अशी ही दृष्टी.

हे गेन्बा बहुधा शिबुया भागातील लहानशा क्लबांत भरते. १९९७ मध्ये मारुयामा-चो गल्लीत उघडलेला ‘हार्लेम’ हा त्यांतील प्रसिद्ध क्लब. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे नाव त्याने घेतले, यातच ऋणाची कबुली आहे. येथील रात्रीची लय आगगाडी ठरविते. टोकियोतील शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात आणि पहिल्या पहाटे पाचच्या आसपास निघतात. क्लबात आलेला श्रोता या मधल्या वेळेचा कैदीच असतो. आरंभीचे दोनएक तास डीजे नुसत्या तबकड्या वाजवितो; मुख्य रॅपर एक-दोन वाजता येतो, अर्धा-पाऊण तास म्हणतो; आणि नंतर पहाटेपर्यंत पुन्हा तबकड्या. नवख्याला हे रेंगाळणे वाटते. वस्तुतः त्या तासांत ओळखी होतात, नवोदिताला दोन कडवी म्हणावयास मिळतात, जुन्या तबकड्यांची पारख होते. ज्यांनी गावच्या उत्सवात रात्रभर भजन ऐकले आहे त्यांना ही शाळा परकी वाटू नये.

ही रात्र कायद्याने निर्धोक होती असे मात्र नाही. १९४८ च्या एका कायद्यान्वये मध्यरात्रीनंतर गिऱ्हाइकांना नाचू देण्यास जपानात मनाई होती. अनेक वर्षे तिकडे डोळेझाक झाली. पण २०१० नंतर पोलिसांनी क्लबांवर धाडी घातल्या. ओसाका येथील ‘नून’ क्लबाच्या चालकाला २०१२ मध्ये अटक झाली. २०१४ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. कायदा बदलावा म्हणून दीड लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या. २०१५ मध्ये दुरुस्ती संमत होऊन २०१६ च्या जूनपासून ती अमलात आली. रात्रभर नाच चालविण्याचा परवाना मिळू लागला; अट अशी की आतील उजेड १० लक्सहून अधिक असावा. नाच सभ्य की असभ्य, हे प्रकाशाच्या मापाने ठरविणारा हा नियम वाचून कोणालाही हसू येईल. पण एकत्र जमून ताल धरण्याचा हक्कसुद्धा मागून, भांडून मिळवावा लागला, हे त्यामागचे गंभीर सत्य आहे.

जलसा कसा ऐकावा ?

टोकियोत असा जलसा ऐकू इच्छिणाऱ्यास काही गोष्टी उपयोगी पडतील. लहान सभागृहांत तिकिटावर क्रमांक असतो आणि त्या क्रमाने आत सोडतात. दारावर एका पेयाचे पाचसातशे येन बहुधा निराळे द्यावे लागतात. पिशवी, कोट कुलुपाच्या पेटीत ठेवावयाची रीत आहे. आवाज फार मोठा असतो. कानात घालावयाचे बोळे जवळ असावेत, त्यात कमीपणा नाही. रंगमंचाला चिकटून उभे राहिल्यास शब्द गढूळ होतात. ध्वनिनियंत्रकाच्या मेजाजवळची जागा सर्वांत चांगली, कारण तो स्वतःच्या कानाला रुचेल असाच मेळ साधीत असतो. आणि मुख्य म्हणजे, शब्द आधी घरी वाचून जावे. ज्याने पद वाचले नाही त्याला कीर्तनात नुसते टाळच ऐकू येतात.

अमेरिकन रॅपरचा जलसा ऐकताना हाक आणि प्रतिसाद यांवर ध्यान ठेवावे. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातून आलेली ही रीत आहे. रॅपर अर्धी ओळ म्हणून थांबतो, उरलेली अर्धी सभा पुरी करते. पब्लिक एनिमी या मंडळीत चक डी यांच्या घनगंभीर आवाजाला फ्लेव्हर फ्लेव्ह यांचा खट्याळ आवाज साथ देतो. मुख्य रॅपर श्वास घेतो तेव्हा ओळीचे शेवटचे शब्द उचलून धरणारा असा जोडीदार म्हणजे आपल्या शाहिरांचा झीलकरीच. फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’सारखे मंडळ तबकडीऐवजी जिवंत वाद्यवृंद घेऊन उभे राहते. टोकियोत येणाऱ्या अमेरिकन कलावंतांपुढे बहुसंख्य श्रोत्यांना प्रत्येक शब्द कळेल अशी खात्री नसते. २०२३ च्या समर सॉनिक उत्सवात टोकियोलगतच्या चिबा येथे केंड्रिक लमार यांच्यासारखा शब्दप्रधान कलावंत मुख्य मानकरी होता. अशा प्रसंगी श्रोता आवाजाचे चढउतार, विराम आणि श्वास ऐकतो. अर्थ न कळताही भाषेचे अंग कळते, हा अनुभव भाषाशिक्षकाने अवश्य घ्यावा असा आहे.

जपानी जलशात याच्या उलट घडते. तेथे शब्द कळतात, म्हणून दादेची जागा बदलते. स्वरमाळेचा शेवटचा मणी पडतो त्या क्षणी सभागृहातून हुंकार उठतो. आपल्याकडे गझलेच्या काफियावर उठावा तसा. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते शीघ्रकवींच्या सामन्यांत. दोन रॅपर समोरासमोर उभे राहतात. ठरलेल्या आवर्तनांपुरते आळीपाळीने, तत्क्षणी रचून, एकमेकांना उत्तर देतात. निर्णय बहुधा श्रोत्यांच्या आरोळीवर. कलगीतुऱ्याचे सवालजवाब ज्यांनी ऐकले आहेत त्यांना याहून अधिक काय सांगावे ? १९९९ पासून सलग तीन वर्षे बी-बॉय पार्कमधील असा सामना क्रेव्हा यांनी जिंकला. २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे ‘अल्टिमेट एमसी बॅटल’ हा देशव्यापी सामना आर-शितेइ यांनी. हेच आर-शितेइ आणि २०१९ चे जागतिक विजेते डीजे मात्सुनागा मिळून ‘क्रीपी नट्स’ होतात. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये टोकियो डोम या प्रचंड क्रीडागृहात जलसा केला. तत्पूर्वी एका वर्षाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ‘बॅड हॉप’ या मंडळीने आपला अखेरचा जलसा तेथेच केला होता.

अनुकरण आणि आत्मसात करणे

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या यातनांतून जन्मलेली कला सुखवस्तू देशातील तरुणांनी वेषासकट उचलावी, कातडी रापवून घ्यावी, केस तसे वळवून घ्यावे, यावर टीका झाली आणि ती रास्त होती. वेष उसना घेता येतो. दुःख उसने घेता येत नाही. पण काही काळाने जपानी रॅपर आपल्या भोवताली पाहू लागले. ‘बॅड हॉप’ची मुले टोकियोच्या दक्षिणेस असलेल्या कावासाकी या कारखान्यांच्या शहरातील; त्यांनी आपल्या वस्तीतील दारिद्र्य आणि गुंडगिरी यांविषयी गायिले. नाहा येथे जन्मलेल्या ऑविच या स्त्री-रॅपरने मार्च २०२२ मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात जलसा केला तेव्हा ओकिनावा हे आपले बेट ती बरोबर घेऊन आली होती. राजधानीच्या रंगमंचावर कडेच्या प्रदेशाने स्वतःच्या नावाने उभे राहावे, ही ब्रॉन्क्सची खरी शिकवण होय. आणि व्यवहार एकतर्फीही राहिला नाही. १९९३ मध्येच न्यूयॉर्कजवळच्या ‘डे ला सोल’ या मंडळाने आपल्या संग्रहात ताकागी कान आणि ‘स्चा दारा पार’ या जपानी रॅपरांना स्थान दिले, आणि त्यांना जपानीतच म्हणू दिले.

मराठीला ही गोष्ट सर्वस्वी अपरिचित नाही. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि त्या पिढीने मराठी कवितेला नवे शब्द, नवी भाषा दिली. नाव बाहेरचे होते. जे सांगितले ते येथलेच होते. आज मराठीतही रॅप होते. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या मंडळींच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या २०१९ मधील रचनेत आरे येथील आदिवासींचे गाऱ्हाणे आहे. क्रियापद शेवटी येण्याची जी अडचण जपानीला, तीच मराठी रॅपकारालाही आहे. नामावर ओळ तोडणे, स्वरांची माळ गुंफणे हे उपाय त्यालाही खुले आहेत. शिवाय मराठीच्या पदरी मात्रावृत्ते आहेत, ओवी आहे, शाहिरांचा फड आहे. ही शिदोरी जपानी मुलांजवळ नव्हती.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपणां सर्वांस भाषेच्या शुद्धतेची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टोकियोचे उदाहरण असे सांगते की परक्या ठेक्यावर चढल्याने भाषा बुडत नाही. उलट तिच्या घडणीतील ज्या गाठी पंडितांना दिसल्या होत्या पण सुटल्या नव्हत्या, त्या कधी कधी अशाच वेळी सुटतात. तेव्हा वर्गातील एखादा विद्यार्थी बाकावर बोटांनी ठेका धरून काही पुटपुटताना आढळला, तर त्याला गप्प करण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणावयास सांगावे, आणि त्याचे यमक कोठे पडते ते ऐकावे. चुकत असेल तर तेथेच त्याला मात्रा मोजावयास शिकवावे. छंदःशास्त्राचा पाठ सुरू करण्यास याहून चांगला मुहूर्त क्वचितच मिळेल.